स्टेटस नसलेल्या मुलाचं अमेरिकेतलं कॉलेज: अर्ज कसा करायचा, पैसे कुठून आणायचे

'अनडॉक्युमेंटेड', म्हणजे राहण्याच्या कायदेशीर कागदांविना, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेक्सिकोची सीमा येते. मराठी घरांतली गोष्ट सहसा वेगळी असते. बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेले, आई आणि मुलं त्यावर अवलंबून असलेल्या एच-४वर, सगळं रीतसर. मग नोकरी गेली, साठ दिवसांच्या मुदतीत दुसरी कंपनी मिळाली नाही किंवा एक्स्टेन्शन नामंजूर झालं, आणि 'बघू, काहीतरी मार्ग निघेल' म्हणता म्हणता चार-पाच वर्षं निघून गेली. मूल इथल्याच शाळेत वाढलं. शेवटच्या वर्षाला वर्गातली सगळी फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरायला बसतात, तेव्हा त्याला कळतं की सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना आपल्याला भरताच येणार नाही.

हा लेख आईवडिलांसाठी आहे. मुलांना मराठी वाचता येत असेल तर उत्तमच, पण निर्णय घरात होतात आणि माहितीअभावी अडतात तेही घरातच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. स्टेटस नाही म्हणून कॉलेजात प्रवेश देऊ नये असा अमेरिकेत कोणताही केंद्रीय कायदा नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालाने बारावीपर्यंतच्या सरकारी शाळेचा हक्क दिला. कॉलेजबद्दल तो काही बोलत नाही, त्यामुळे पुढचं सगळं राज्यांच्या आणि त्या-त्या कॉलेजच्या हातात राहिलं. म्हणूनच मुलाच्या मार्कांइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, महत्त्व आहे ते त्यानं कोणत्या राज्यातल्या हायस्कूलात किती वर्षं काढली याला.

आधी फाइल काढा

घरोघरी एक फुगलेली फाइल असते. त्यातले आय-७९७ चे (मंजुरीच्या सूचनेचे) कागद, पासपोर्ट आणि आय-९४ (देशात प्रवेश आणि मुक्कामाची नोंद) बाहेर काढा. शेवटच्या एक्स्टेन्शनचा आय-९४ बहुधा आय-७९७ च्याच खालच्या भागात छापलेला असतो, तो फाडून वेगळा ठेवला असेल तर शोधा. व्हिसाच्या स्टिकरवरची तारीख बघू नका, तिचा इथे राहण्याच्या मुदतीशी संबंध नाही. मुदत आय-९४ वर असते.

मग मूल नेमकं कोणत्या गटात बसतं ते ठरवा. 'स्टेटस नाही' असं आपण सरसकट म्हणतो, पण आत बरेच प्रकार आहेत:

- एच-४ अजून चालू असेल तर मूल अनडॉक्युमेंटेड नाही. केंद्रीय मदत त्यालाही मिळत नाही, पण अनेक राज्यांत ते इन-स्टेट फीला, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीला, पात्र ठरतं. त्याची खरी अडचण एकविसाव्या वाढदिवसाची. भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत तोवर नंबर लागत नाही आणि एच-४ संपतो. त्याआधी आय-५३९ हा स्टेटस बदलण्याचा अर्ज भरून एफ-१ला, म्हणजे विद्यार्थ्याच्या स्टेटसला, जाता येतं, मात्र तेव्हा इन-स्टेट फी राहील का, हे कॉलेजला आधीच विचारायचं.
- आश्रयाचा म्हणजे असायलमचा अर्ज प्रलंबित असेल तर वर्क परमिट आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकतो. फाफ्सा तरीही नाही.
- डाकाचा, म्हणजे लहानपणी इथे आणलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या योजनेचा, आता बहुतेक मुलांना उपयोग नाही. १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत असण्याची अट आहे आणि आज हायस्कुलात असलेली बहुतेक मुलं त्यानंतर जन्मली. शिवाय पहिल्यांदा केलेले अर्ज सध्या मंजूरच होत नाहीत, होतं ते जुन्यांचं नूतनीकरण.
- यातलं काहीच नसेल तर मूल खऱ्या अर्थानं कागदांविना आहे.

इथे एका तारखेकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे, कारण ती हातातून निसटली की परत येत नाही. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाच्या नावावर 'अनलॉफुल प्रेझेन्स', म्हणजे बेकायदा मुक्काम, मोजला जात नाही. अठरावा वाढदिवस झाला की मीटर सुरू होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. म्हणजे 'पुण्याला पाठवू, तिकडे इंजिनिअरिंग करेल' हा पर्याय तुमच्या घरात चर्चेत असेल, तर त्याचा निर्णय मूल साडेअठरा वर्षांचं होण्याआधी घ्यायला हवा. नंतर घेतला तर बहिणीच्या लग्नालाही ते इकडे येऊ शकणार नाही. प्रलंबित असायलम किंवा 'डी/एस' (ठरावीक तारखेऐवजी स्टेटस टिकेपर्यंत मुदत) लिहिलेला आय-९४ असेल तर हिशोब बदलतो. म्हणून हे एकदा इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या, देवळात भेटणाऱ्या 'सगळं करून देतो' छापाच्या एजंटाकडून नव्हे. आणि साडेअठराच्या आत गेलं तरी मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये एफ-१ मिळेलच, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

राज्य काय म्हणतं

सुमारे वीस राज्यं स्टेटस नसलेल्या, पण तिथल्याच हायस्कूलात शिकलेल्या मुलांना इन-स्टेट फी लावतात. त्यातली काही राज्याची आर्थिक मदतही देतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही स्वतंत्रपणे तपासा.

कॅलिफोर्नियाची व्यवस्था सगळ्यांत पक्की. २००१ चा एबी ५४० कायदा सांगतो की राज्यात तीन वर्षं शिक्षण आणि तिथूनच हायस्कूल उत्तीर्ण, एवढं असेल तर बाहेरच्या राज्याची फी लागणार नाही. २०१७ च्या एसबी ६८ नं त्या तीन वर्षांत कम्युनिटी कॉलेज आणि अ‍ॅडल्ट स्कूलही धरायला सुरुवात केली. यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, २०२५-२६ साली नव्यानं आलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३७,६०२ डॉलर जादा पडतात. मूळ फी सुमारे १५ हजार, राहणं-जेवण वेगळं. एका प्रतिज्ञापत्रानं हे ३७ हजार वाचतात. त्या प्रतिज्ञापत्रात मूल एवढंच लिहून देतं की शक्य होईल तेव्हा मी स्टेटससाठी अर्ज करीन.

न्यू जर्सीत २०१३ पासून इन-स्टेट फी आणि २०१८ पासून राज्याची मदत आहे. अट साधारण तशीच, तीन वर्षं न्यू जर्सीच्या हायस्कूलात आणि तिथूनच उत्तीर्ण. फाफ्साऐवजी 'न्यू जर्सी अल्टरनेटिव्ह फायनान्शियल एड अ‍ॅप्लिकेशन' भरायचं. एडिसन-इझलिनच्या घरांनी हे नाव फ्रिजवर लिहून ठेवावं. वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना एनजे स्टार्सखाली काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते, आणि ६५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट आहे. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षं पुरतात. २०१९ च्या ड्रीम अ‍ॅक्टनं टॅपसारखी राज्याची अनुदानंही खुली केली. इलिनॉय आणि वॉशिंग्टनमध्येही राज्याचे स्वतंत्र फॉर्म आहेत.

आता वाईट बातमी. टेक्सास हे २००१ साली असा कायदा करणारं पहिलं राज्य होतं. जून २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं खटला भरला आणि राज्यानं त्याच दिवशी माघार घेतली. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनच्या घरांना रातोरात बाहेरची फी लागू झाली. फ्लोरिडानं आपली सवलत जुलै २०२५ पासून काढून घेतली, पाठोपाठ ओक्लाहोमानंही. केंटकी, मिनेसोटा, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियावरही २०२५ मध्ये खटले भरले गेले. म्हणून मागच्या वर्षी कुणाच्या मुलानं काय केलं यावर विसंबू नका. राज्याच्या उच्चशिक्षण खात्याच्या पानावर अर्ज करायच्या महिन्यात जाऊन बघा. टेक्सासमध्ये एच-४, प्रलंबित असायलम किंवा डाका असेल तर मार्ग पूर्ण बंद झाला असं समजू नका, कॉलेजच्या रेसिडन्सी ऑफिसला लेखी विचारा.

अलाबामा आणि साउथ कॅरोलायनामध्ये सरकारी कॉलेजांत प्रवेशालाच बंदी आहे. जॉर्जियात जॉर्जिया टेक आणि युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियासारख्या चुरशीच्या ठिकाणी बंदी, बाकी ठिकाणी बाहेरची फी. अल्फारेटा-जॉन्स क्रीकमध्ये राहून जॉर्जिया टेकची स्वप्नं रंगवणाऱ्या मुलाला हे अकरावीतच सांगा. बारावीच्या ऑक्टोबरात कळलं तर यादी नव्यानं करायला वेळ उरत नाही.

अर्ज भरताना

कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, रकाना रिकामा सोडा. शून्यं टाकू नका, काकांचा नंबर टाकू नका, आयटिन (कर भरण्यासाठीचा नंबर) तिथे टाकू नका. यूसीच्या अर्जात नागरिकत्वाच्या देशाच्या यादीत 'नो सिलेक्शन' असा पर्याय असतो, तो नेमका याच मुलांसाठी आहे. अर्ज ऑक्टोबरपासून देता येतो, मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते.

सगळ्यांत महत्त्वाची चौकट नागरिकत्वाची. 'यू.एस. सिटिझन'वर चुकूनही टिक करायची नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यातला जवळपास कायमचा डाग आहे. पुढे लग्नानं ग्रीन कार्डाचा मार्ग उघडला तरी तो आडवा येऊ शकतो. हे फाफ्सालाही लागू, नोकरीच्या आय-९ फॉर्मलाही लागू आणि मतदार नोंदणीलाही. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात आवारात टेबल मांडून हसतमुख पोरं 'रजिस्टर टु व्होट' म्हणून क्लिपबोर्ड पुढे करतात. मैत्रिणी सह्या करत असतात, हिचाही हात पुढे होतो. घरून निघतानाच हे बजावून ठेवा.

निबंधात परिस्थिती सांगायची की नाही हा प्रश्न येतोच. माझं मत असं: मुलाला ती स्वतःहून लिहावीशी वाटत असेल तरच. ६५० शब्दांत वकिलांच्या फिया आणि ग्रीन कार्डाच्या आय-१४० अर्जाची तारीख वाचण्यात प्रवेश अधिकाऱ्याला रस नसतो. बाबा रात्रपाळीला गेल्यावर धाकट्याचा गृहपाठ घेणारी मुलगी त्याला कळते. स्टेटसचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला तरी पुरतो, किंवा तो शाळेच्या काउन्सेलरच्या पत्रात येऊ द्या.

म्हणजे काउन्सेलरला सांगावं लागेल. इथेच आपली घरं अडतात. मंडळात कळेल, गणपतीला लोक विचारतील, ही भीती मी समजू शकतो आणि मंडळात सांगायची काहीच गरज नाही. पण काउन्सेलर म्हणजे मंडळ नव्हे. फी माफीचा फॉर्म, राज्याचा पर्यायी फॉर्म, शिफारसपत्र हे सगळं त्याच्या टेबलावरून जातं. शाळेच्या नोंदी १९७४ च्या फर्पा कायद्याखाली येतात, त्या सहजासहजी बाहेर देता येत नाहीत. आधी नाव न घेता विचारा: 'स्टेटस नसलेल्या विद्यार्थ्यांना तुम्ही कशी मदत करता?' उत्तर चाचरत आलं तर दुसरा काउन्सेलर किंवा विश्वासातली शिक्षिका गाठा.

पैसे

फाफ्सा या मुलानं भरायचा नाही. केंद्राचं पेल ग्रँट, केंद्राचं कर्ज, वर्क-स्टडी, काहीच मिळणार नाही आणि माहिती मात्र केंद्राकडे जाईल. त्याऐवजी राज्याचा फॉर्म. कॅलिफोर्नियात 'कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्ट अ‍ॅप्लिकेशन', नेहमीची मुदत २ मार्च. कॅल ग्रँट, यूसी आणि सीएसयूची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) स्वतःची अनुदानं आणि कम्युनिटी कॉलेजची फी माफी या एका फॉर्मवर अवलंबून आहेत. राज्याचं एक छोटं कर्जही आहे, वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत.

धाकटं भावंड इथे जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे आणि फाफ्साला पात्र आहे. आईवडिलांना नंबर नसला तरी फाफ्साचं खातं उघडता येतं, मात्र तुमचं नाव-पत्ता केंद्राच्या प्रणालीत जातो. कॅलिफोर्नियात अशा मिश्र घरांतल्या मुलांना राज्याच्या मदतीपुरता ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म भरता येतो. पेलचे पैसे सोडायचे की माहिती द्यायची, याला एकच बरोबर उत्तर नाही. तुमचा पत्ता सरकारदरबारी आधीपासून आहे का, यावर बरंच ठरतं, आणि बहुतेक एच-१बी घरांचा तो असतोच.

उत्पन्नाचा पुरावा लागतो, सहसा दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नचा. आयटिनवर रिटर्न भरत असाल तर तेच चालतं. मुलांचे जुने आयटिन सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरले नाहीत तर बाद होतात, तेव्हा ते तपासा. एप्रिल २०२५ मध्ये आयआरएस (केंद्राचं कर खातं) आणि इमिग्रेशन यंत्रणेत माहिती देण्याघेण्याचा करार झाला आणि त्यावर कोर्टात लढाई सुरू झाली. नव्यानं आयटिन काढणार असाल तर आधी वकिलाशी बोला. मोटेलात किंवा दुकानात रोखीनं पगार मिळत असेल तर मालकाचं पत्र आणि स्वतः लिहिलेला महिन्याचा हिशोब अनेक कॉलेजं स्वीकारतात.

आणि हो, पुण्याचा फ्लॅट. फॉर्म मालमत्तेबद्दल विचारतो तेव्हा भारतातलीही मालमत्ता त्यात येते. राहतं घर सोडून दुसरी जागा म्हणजे गुंतवणूक. बाणेरचा फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर त्याची आजची किंमत वजा उरलेलं कर्ज, एवढा आकडा लिहायचा. गावची जमीन सातबाऱ्यावर अजून आजोबांच्या नावानं असेल तर ती तुमची म्हणून लिहायची नाही. इथे लपवाछपवी करू नका, कॉलेज कागद मागू शकतं.

खासगी कॉलेजांचा हिशोब वेगळा असतो आणि हुशार मुलासाठी तो बऱ्याचदा सरकारीपेक्षा स्वस्त पडतो, हे आपल्या लोकांना पटत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत, नागरिकत्व कोणतंही असो, आणि प्रवेश दिला की गरजेएवढी मदत देतात. ती अर्थात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीच्यांना एक ईमेल पाठवायचा. मुलानंच, नव्या ईमेल पत्त्यावरून, नाव न सांगता. दोनच प्रश्न: 'अमेरिकन हायस्कूलात शिकलेल्या, स्टेटस नसलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही डोमेस्टिक धरता की इंटरनॅशनल?' आणि 'त्याची पूर्ण गरज कर्जाशिवाय भागवता का?' इंटरनॅशनल धरत असतील तर मदत मागितल्यानं प्रवेशाची शक्यता घटू शकते. यादी या उत्तरांवर करा, रँकिंगवर नाही. ही कॉलेजं बहुधा सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक माहितीचा फॉर्म मागतात, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर बंधनकारक नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या अव्वल विद्यार्थ्यानं क्वेस्टब्रिज ही गरजू, हुशार मुलांना कॉलेजांशी जोडणारी योजना जरूर बघावी. तिथे नागरिकत्वाची अट नाही, पण मुदत सप्टेंबरअखेर संपते, म्हणजे तयारी उन्हाळ्यातच करायची.

शिष्यवृत्त्यांत 'द ड्रीम डॉट यूएस' ही मोठी. ती ठरावीक कॉलेजांतच चालते आणि अमेरिकेत कधी आलात याची अट असते, ती तारीख त्यांच्या पानावर बघा. 'इमिग्रंट्स रायझिंग' ही संस्था सोशल सिक्युरिटी नंबर न मागणाऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी ठेवते. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेज स्वतःचं अनुदान तेवढं कापतं का, हेही विचारून घ्या. कापणार असेल तर निबंध लिहिण्यात जाणाऱ्या रात्री वाया.

खासगी कर्ज शेवटी. बँका नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहकर्जदार मागतात. सही करणारा मामा मुलाइतकाच हप्त्यांना बांधलेला असतो, हे दोन्ही घरांनी आधी समोरासमोर बोलून घ्यावं.

कम्युनिटी कॉलेजला नाक मुरडू नका

आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हटलं की चेहरे पडतात. पण कॅलिफोर्नियात रहिवाशाला एका युनिटचे ४६ डॉलर पडतात आणि गरजू घरांना तेही माफ होतात. दोन वर्षं घरी राहून डी अँझासारख्या कॉलेजात शिकायचं आणि मग यूसीला ट्रान्सफर व्हायचं, हा मार्ग स्टेटस असलेली मुलंही आनंदानं घेतात. पदवी यूसीचीच मिळते. आणखी एक फायदा म्हणजे मूल घरी राहतं. सध्याच्या काळात हा छोटा फायदा नाही.

कॉलेज किती लांब, हा प्रश्न या मुलांसाठी फक्त खर्चाचा नसतो. देशांतर्गत विमानाला भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो, तो मुदतीत ठेवा. पण जानेवारी २०२५ मध्ये शाळा-कॉलेजांना असलेलं 'संवेदनशील ठिकाणा'चं संरक्षण केंद्रानं काढून घेतलं, आणि विमानतळावर उभं राहणं पूर्वीइतकं निर्धास्त राहिलेलं नाही. सॅन दिएगोला प्रवेश मिळाला तर बे एरियाला परतताना आय-५ महामार्गावर सॅन क्लेमेंटेला बॉर्डर पेट्रोलचं नाकं लागतं. ते उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे जाताना काहीच दिसत नाही, थँक्सगिव्हिंगला घरी येताना दिसतं. प्रवेशपत्रांतून निवड करताना नकाशा शेजारी ठेवा.

प्रवेश मिळाल्यावर

मे महिन्यात कॉलेज ठरलं की लगेच तिथलं ड्रीम सेंटर किंवा अनडॉक्युमेंटेड स्टुडंट ऑफिस शोधा. यूसीच्या विद्यार्थ्यांना डेव्हिसहून चालणारं इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटर फुकट वकील देतं. न्यूयॉर्कमध्ये क्यूनी या शहराच्या विद्यापीठाचं सिटिझनशिप नाऊ आहे. बऱ्याच मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं की आपल्याकडे एखादा कायदेशीर मार्ग होता आणि घरी कुणाला तो माहीत नव्हता. एबी ५४० चं प्रतिज्ञापत्र प्रवेशाबरोबर आपोआप जात नाही, ते रजिस्ट्रारकडे वेगळं द्यावं लागतं. पहिल्या बिलात बाहेरची फी दिसली तर घाबरून भरू नका, प्रतिज्ञापत्र पोहोचलं का ते आधी विचारा.

विषय निवडताना परवान्याचा विचार करा. नर्सिंग, फार्मसी, शिक्षकी या पेशांत राज्याचा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात स्टेटसवरून तो अडत नाही, अनेक राज्यांत अडतो. वर्क परमिट नसताना कॅम्पसवर पगारी नोकरी करता येत नाही, पण काही कॉलेजं याच मुलांसाठी पगाराऐवजी फेलोशिपच्या रूपात विद्यावेतन देतात. त्याची जाहिरात फलकावर लागत नाही. ड्रीम सेंटरमध्ये जाऊन तोंडानं विचारावं लागतं, आणि जागा सप्टेंबरातच भरतात.